सर्वांसाठी आरोग्यसेवा: योजनेच्या कार्डापासून संसदेच्या कायद्यापर्यंत

खेड्यातून रुग्णाला घेऊन मराठवाड्यातील एखाद्या शहरात आलेले नातेवाईक रुग्णालयाच्या काउंटरवर पहिला प्रश्न बहुधा आजाराविषयी विचारत नाहीत. ते विचारतात, ‘‘इथं कार्ड चालतं का?’’ या प्रश्नाचे उत्तर रुग्णाच्या प्रकृतीवर अवलंबून नसते. ते रुग्णालय योजनेत आहे की नाही, लिहून दिलेली शस्त्रक्रिया योजनेच्या यादीत आहे की नाही आणि उपचारांची मंजुरी वेळेत येते की नाही, यांवर ते अवलंबून असते. काही वर्षांपूर्वी माझ्या एका नातलगाला रात्री साडेअकरा वाजता छातीत दुखू लागले म्हणून आम्ही एका खासगी रुग्णालयात नेले, तेव्हा कार्डाचे काम सकाळी होईल, आता अनामत रक्कम भरा, असे आम्हाला सांगण्यात आले. गावाकडून पैसे गोळा होईपर्यंत दीड तास गेला. नातलग वाचले. परंतु त्या दीड तासात त्यांना नेमका कोणता अधिकार होता, हा प्रश्न माझ्या मनातून आजवर गेलेला नाही.

त्या प्रश्नाचे उत्तर शोधताना हळूहळू लक्षात आले की आपल्याकडे आरोग्याच्या योजना बऱ्याच आहेत, न्यायालयांचे चांगले निकाल आहेत, उत्तम धोरणे आहेत. परंतु ‘या देशातील प्रत्येक माणसाला गरजेच्या वेळी, पैशाअभावी न अडता उपचार मिळतील आणि न मिळाल्यास त्याला दाद मागता येईल’ असे म्हणणारा सर्वंकष राष्ट्रीय कायदा नाही. असा कायदा कोणत्या वाटेने होऊ शकतो, त्या वाटेवर कोणते अडथळे आहेत आणि मराठवाड्यातील माणसाने त्याकडे का पाहावे, हे या लेखात मांडायचे आहे.

योजना आणि कायदा यांतील फरक आधी नीट समजून घेऊ. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेचेच उदाहरण घ्या. ही योजना राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना या नावाने जुलै २०१२ मध्ये आठ जिल्ह्यांत सुरू झाली आणि त्या आठांत आपला नांदेड होता. नोव्हेंबर २०१३ मध्ये ती राज्यभर गेली. २०१७ साली तिचे नाव बदलले. पिवळ्या आणि केशरी शिधापत्रिकांबरोबरच शेतकरी आत्महत्याग्रस्त चौदा जिल्ह्यांतील पांढऱ्या शिधापत्रिकेच्या शेतकरी कुटुंबांनाही तिचा लाभ देण्यात आला, आणि त्या चौदांत मराठवाड्याचे आठही जिल्हे होते. २०२३ साली राज्य सरकारने संरक्षणाची रक्कम दीड लाखावरून पाच लाख रुपयांपर्यंत नेण्याचा आणि योजना सर्व कुटुंबांसाठी खुली करण्याचा निर्णय घेतला. त्याच वर्षी १५ ऑगस्टपासून सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत उपचार निःशुल्क झाले. हे सगळे निर्णय स्वागतार्ह आहेत आणि त्यांमुळे लोकांचे प्राण वाचले आहेत. पण यांतील प्रत्येक बदल शासन निर्णयाने झाला, विधिमंडळाने संमत केलेल्या अधिनियमाने नव्हे. जे एका शासन निर्णयाने मिळते ते दुसऱ्या शासन निर्णयाने कमी होऊ शकते, यादीतून आजार वगळला जाऊ शकतो, रुग्णालय बाहेर पडू शकते, आणि यांपैकी काहीही घडले तरी ‘माझा हक्क डावलला’ असे म्हणून दाद मागायला रुग्णाजवळ भक्कम आधार नसतो. योजनेत तो लाभार्थी असतो, कायद्यात तो हक्कदार होतो.

मराठवाड्याला हा फरक पुस्तकातून शिकण्याची गरज नाही. १९७२ च्या दुष्काळात आपल्या आईवडिलांच्या पिढीने खडी फोडली, पाझर तलाव खोदले, रस्त्यांवर मुरूम टाकला. त्याआधी १९६५ च्या सुमारास विधान परिषदेचे तत्कालीन सभापती वि. स. पागे यांनी सांगली जिल्ह्यातील विसापूर परिसरात ‘मागेल त्याला काम’ या कल्पनेचा प्रयोग केला होता. दुष्काळी कामे सरकारच्या मर्जीने सुरू होत आणि बंद होत. पागे यांची कल्पना मात्र अशी होती की काम मागणे हा माणसाचा अधिकार असावा आणि ते देणे सरकारवर बंधनकारक असावे. या योजनेसाठी १९७५ साली व्यवसाय कर लावण्यात आला. आजही नोकरदाराच्या पगारपत्रकात दिसणारी ती छोटी कपात मुळात खेड्यातल्या मजुराच्या कामासाठी सुरू झाली, हे बहुतेकांना ठाऊक नसते. १९७७ साली महाराष्ट्र विधिमंडळाने रोजगार हमीचा कायदा संमत केला, २६ जानेवारी १९७९ पासून तो अमलात आला, आणि २००५ साली संसदेने तीच कल्पना राष्ट्रीय कायद्यात घेतली. विसापूरपासून संसदेपर्यंत पोहोचायला चाळीस वर्षे लागली. आरोग्यसेवेच्या कायद्याचा विचार करताना मला पुन्हा पुन्हा ही वाट आठवते, कारण या प्रकरणातही दिल्लीचा रस्ता राज्यांमधूनच जातो, असे माझे मत आहे. त्याचे कारण राज्यघटनेत आहे.

घटनेने आरोग्य कोणाकडे सोपवले आहे?

राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीत विषयांच्या तीन याद्या आहेत. संघसूचीतील विषयांवर संसद कायदा करते, राज्यसूचीतील विषयांवर राज्याचे विधिमंडळ आणि समवर्ती सूचीतील विषयांवर दोघेही. ‘सार्वजनिक आरोग्य व स्वच्छता, रुग्णालये व दवाखाने’ हा विषय राज्यसूचीत सहाव्या क्रमांकावर आहे. म्हणजे छत्रपती संभाजीनगरचे ‘घाटी’ हे शासकीय रुग्णालय असो, अंबाजोगाईचे स्वामी रामानंद तीर्थ रुग्णालय असो किंवा आपल्या गावचे उपकेंद्र असो, त्यांचा कारभार हा मूलतः राज्याचा विषय आहे. लोकसभेत कितीही मोठे बहुमत असले तरी संसदेला एका दिवसात ‘देशातील सर्व रुग्णालयांनी असे वागावे’ असा सरसकट कायदा करता येत नाही.

तरीही वाट बंद नाही, कारण आरोग्याला खेटून असलेले अनेक विषय समवर्ती सूचीत आहेत. वैद्यकीय व्यवसाय, वैद्यकीय शिक्षण, औषधे, एका राज्यातून दुसऱ्या राज्यात पसरणाऱ्या साथी, आणि माझ्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचा म्हणजे ‘सामाजिक सुरक्षा व सामाजिक विमा’ हा विषय. कारखान्यातील कामगारांसाठीचा कर्मचारी राज्य विमा कायदा १९४८ साली झाला आणि त्याने कामगाराला उपचार हक्काने मिळू लागले. वाळूजच्या कंपनीतील कायम कामगाराला जे १९४८ पासून कायद्याने मिळू शकते ते शेजारच्या तालुक्यातील शेतमजुराला का मिळू नये, हा प्रश्न केवळ भावनेचा नाही. सामाजिक सुरक्षेचा आधार घेऊन संसदेने आरोग्यसेवेच्या खर्चाची जबाबदारी आपल्याकडे घेतली, तर त्याला घटनेत जागा आहे.

याहूनही स्पष्ट उदाहरण मानसिक आरोग्याचे आहे. २०१७ साली संसदेने मानसिक आरोग्यसेवा अधिनियम संमत केला. त्याच्या अठराव्या कलमात सरकारी खर्चाने चालणाऱ्या किंवा सरकारी अर्थसाहाय्यावरील सेवांमधून मानसिक आरोग्यसेवा मिळवण्याचा हक्क प्रत्येक व्यक्तीला दिला आहे. ती सेवा परवडणारी, चांगल्या दर्जाची आणि पुरेशा प्रमाणात असावी असे त्यात म्हटले आहे. आणि जिल्ह्यात अशी सरकारी सेवा नसेल तर त्याच जिल्ह्यातील दुसऱ्या आस्थापनेत घेतलेल्या उपचारांचा खर्च सरकारने सोसावा, अशीही तरतूद आहे. म्हणजे आज आपल्या देशात नैराश्यावरील उपचार हा राष्ट्रीय कायद्याने दिलेला हक्क आहे, पण हृदयविकाराच्या उपचारांचा तसा हक्क नाही. ही विसंगती पाहिल्यावर ‘असा कायदा भारतात शक्यच नाही’ हा युक्तिवाद मला पटत नाही. मात्र कायदा होऊनही जिल्ह्याजिल्ह्यात मनोविकारतज्ज्ञांची उणीव आहे, हेही तितकेच खरे, आणि त्या मुद्द्याकडे आपल्याला परत यावे लागेल.

संसदेपर्यंतच्या वाटा

पहिली वाट नुकतीच सांगितली: समवर्ती सूचीतील विषयांच्या आधारे संसदेने कायदा करावा. यात धोका असा की रुग्णालयांचे दर, नोंदणी, मनुष्यबळ यांना हात लावताच ‘हा राज्याचा विषय आहे’ असा आक्षेप न्यायालयात येऊ शकतो.

दुसरी वाट अनुच्छेद २५२ ची आहे आणि ती आपल्या राज्याच्या परिचयाची आहे. दोन किंवा अधिक राज्यांच्या विधिमंडळांच्या सर्व सभागृहांनी ठराव करून ‘या विषयावर संसदेने कायदा करावा’ असे म्हटले, तर संसद राज्यसूचीतील विषयावरही कायदा करू शकते. तो प्रथम त्या राज्यांना लागू होतो आणि इतर राज्ये नंतर ठराव करून तो स्वीकारू शकतात. मानवी अवयव प्रत्यारोपणाचा १९९४ सालचा कायदा असाच झाला. गोवा, हिमाचल प्रदेश आणि महाराष्ट्र यांच्या ठरावांमुळे. रुग्णालये व दवाखान्यांच्या नोंदणीचा २०१० सालचा वैद्यकीय आस्थापना कायदाही याच मार्गाने, अरुणाचल प्रदेश, हिमाचल प्रदेश, मिझोराम आणि सिक्कीम यांच्या ठरावांवरून आला. महाराष्ट्राने तो स्वीकारलेला नाही. आपल्याकडे खासगी रुग्णालयांची नोंदणी अजून १९४९ च्या शुश्रूषागृह नोंदणी कायद्याखाली होते. या वाटेची एक अट राज्यांना जड जाते: एकदा ठराव करून विषय संसदेकडे सोपवला की त्या कायद्यात दुरुस्ती करण्याचा अधिकार राज्याच्या विधिमंडळाकडे राहत नाही, तो फक्त संसदेकडे जातो. म्हणून कोणतेही राज्य सरकार, ते कोणत्याही पक्षाचे असो, ठराव करण्यापूर्वी दहा वेळा विचार करते.

तिसरी वाट घटनादुरुस्तीची. तिचे दोन प्रकार संभवतात. एक, आरोग्य हा विषय राज्यसूचीतून समवर्ती सूचीत आणणे. १९७६ साली बेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने शिक्षण असेच हलवले गेले. पंधराव्या वित्त आयोगाने नेमलेल्या आरोग्यविषयक उच्चस्तरीय गटाने २०१९ मध्ये नेमकी हीच शिफारस केली होती आणि आरोग्याचा हक्क मूलभूत हक्क म्हणून जाहीर करावा, असेही सुचवले होते. सातव्या अनुसूचीला हात लावायचा तर संसदेच्या प्रत्येक सभागृहात एकूण सदस्यसंख्येचे बहुमत, उपस्थित राहून मत देणाऱ्यांचे दोन तृतीयांश बहुमत आणि वर किमान निम्म्या राज्यांच्या विधिमंडळांची मान्यता लागते. दुसरा प्रकार म्हणजे शिक्षणाचा हक्क अनुच्छेद २१-क ने जसा मूलभूत हक्कांत आला तसाच आरोग्याचा हक्क घटनेत लिहिणे. शिक्षणाच्या बाबतीत १९९३ साली सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आला, २००२ साली घटनादुरुस्ती झाली, २००९ साली कायदा संमत झाला आणि १ एप्रिल २०१० पासून तो लागू झाला. सतरा वर्षांचा हा क्रम बारकाईने पाहण्यासारखा आहे, कारण आरोग्याच्या बाबतीत त्यातील पहिली पायरी आपण केव्हाच ओलांडली आहे. १९९६ साली पश्चिम बंगालमधील एका शेतमजुराच्या प्रकरणात, ज्याला रेल्वेतून पडून डोक्याला मार लागला असताना एकामागून एक सरकारी रुग्णालयांनी दाखल करून घेतले नाही, सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की वेळेवर उपचार न देणे हा अनुच्छेद २१ मधील जगण्याच्या हक्काचा भंग आहे आणि पैशांची टंचाई हे सरकारला त्यातून सुटण्याचे कारण होऊ शकत नाही. त्याआधी १९८९ च्या निकालाने अपघातग्रस्ताला तातडीचा उपचार देणे हे प्रत्येक डॉक्टरचे, सरकारी असो वा खासगी, कर्तव्य ठरवले होते. निकाल आहेत; पण निकालाने परिचारिकेची जागा भरली जात नाही आणि औषधाचा साठाही येत नाही. त्यासाठी कायदा, अर्थसंकल्प आणि यंत्रणा लागते.

आणखी दोन वाटा आहेत, त्यांचा उल्लेख पुरेसा आहे. राज्यसभेने दोन तृतीयांश मतांनी ठराव केल्यास अनुच्छेद २४९ खाली संसद राज्यसूचीतील विषयावर तात्पुरता कायदा करू शकते, पण मुदतीच्या बंधनामुळे दीर्घकालीन आरोग्यसेवेला तो उपयोगाचा नाही. आंतरराष्ट्रीय करार पाळण्यासाठी अनुच्छेद २५३ खाली संसदेला अधिकार मिळतो आणि आरोग्याचा हक्क मान्य करणाऱ्या आंतरराष्ट्रीय करारात भारत १९७९ पासून सामील आहे; परंतु राज्यांना बाजूला सारून आरोग्याचा कायदा करणे म्हणजे घरच्या माणसांना न विचारता घर बांधण्यासारखे आहे, कारण शेवटी दवाखाना राज्यालाच चालवायचा आहे.

आधी एक राज्य, मग देश

म्हणूनच मला कॅनडाचे उदाहरण अधिक जवळचे वाटते. तिथेही आरोग्य हा प्रांतांचा विषय आहे. सस्कॅचेवान या शेतीप्रधान, दुष्काळाचा मार खाल्लेल्या प्रांताने १९४७ साली रुग्णालयातील उपचारांचा सार्वजनिक विमा सुरू केला. दहा वर्षांनी, १९५७ साली, केंद्राने कायदा करून असा विमा चालवणाऱ्या प्रांतांच्या खर्चात वाटा उचलण्याचे ठरवले. १९६२ साली त्याच प्रांताने डॉक्टरांच्या सेवाही सार्वजनिक विम्यात आणल्या, तेव्हा डॉक्टरांनी सुमारे तीन आठवडे संप केला; तरीही योजना टिकली आणि १९६६ साली ती राष्ट्रीय कायद्यात आली. पुढे १९८४ च्या कायद्याने केंद्राने आपल्या पैशाला पाच अटी जोडल्या: कारभार सार्वजनिक असावा, आवश्यक सेवा सगळ्या याव्यात, सगळे रहिवासी यावेत, प्रांत बदलला तरी संरक्षण तुटू नये आणि पैशासाठी कोणाची अडवणूक होऊ नये. कोणत्याही प्रांताला कायद्याने सक्ती नाही, पण अटी मोडल्या तर केंद्राचा पैसा कापला जातो. भारतात राष्ट्रीय आरोग्य अभियानाचा खर्च बहुतेक राज्यांत केंद्र ६० आणि राज्य ४० अशा प्रमाणात वाटला जातो, म्हणजे पैशाची वाट तयार आहे. त्या पैशाला हक्काची अट जोडणारा कायदा तेवढा नाही.

आपल्याकडे असा प्रयत्न राजस्थानने केला. २१ मार्च २०२३ रोजी तेथील विधानसभेने आरोग्य हक्काचे विधेयक संमत केले. त्यात तातडीच्या प्रसंगी आगाऊ पैसे न मागता उपचार करण्याचे बंधन होते आणि रुग्ण पैसे देऊ शकला नाही तर सरकार खर्च भरून देईल, असे आश्वासन होते. खासगी डॉक्टर रस्त्यावर उतरले. ‘तातडीचा प्रसंग कोणी ठरवायचा आणि आमचे पैसे कधी व किती मिळणार?’ हे त्यांचे प्रश्न होते. ४ एप्रिलला तडजोड झाली आणि पन्नासपेक्षा कमी खाटांची खासगी रुग्णालये, तसेच सरकारकडून सवलतीत जमीन वा इमारत न घेतलेली रुग्णालये यांना वगळण्याचे मान्य करावे लागले. त्यानंतर बराच काळ नियमच तयार झाले नाहीत. डॉक्टरांना दोष देऊन हा प्रश्न सुटणार नाही, असे मी मनापासून म्हणतो. शिक्षण हक्क कायद्याखालील पंचवीस टक्के प्रवेशांची प्रतिपूर्ती थकल्याची तक्रार आपल्या जिल्ह्यांतील शाळा वर्षानुवर्षे करतात, हे पाहिलेल्या तालुक्याच्या डॉक्टरला सरकारच्या शब्दावर शंका येणे स्वाभाविक आहे. वीस खाटांचे रुग्णालय कर्ज काढून उभारलेल्या माणसाची रक्कम किती दिवसांत जमा होईल आणि उशीर झाल्यास व्याज मिळेल का, हे कायद्याच्या मजकुरातच लिहिलेले असले पाहिजे.

मराठवाड्याच्या अनुभवातून या मजकुरात आणखी दोन गोष्टी याव्यात, असे मला वाटते. दरवर्षी दिवाळीच्या आगेमागे बीड, जालना, परभणी आणि शेजारच्या जिल्ह्यांतून ऊसतोड कुटुंबे कोयता घेऊन पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात आणि उन्हाळ्यात परततात. बाई सहा महिन्यांची गरोदर असली तरी जाते. तिची नोंद एका गावात, फड दुसऱ्या राज्यात आणि बाळंतपण रस्त्यात कुठेतरी. राज्याच्या सीमेवर तुटणारा हक्क तिच्या कामाचा नाही, आणि राज्याचा कायदा कितीही चांगला असला तरी तो कर्नाटकात लागू होत नाही. राष्ट्रीय कायदा का हवा, याचे याहून सरळ उत्तर माझ्याजवळ नाही. दुसरी गोष्टही त्याच बायकांनी शिकवली आहे. बीड जिल्ह्यातील ऊसतोड महिलांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न २०१९ साली पुढे आला, राज्य सरकारने डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली आणि पाहणीत अशा शस्त्रक्रिया झालेल्या १३ हजारांहून अधिक महिला आढळल्या. शस्त्रक्रियेचे पैसे कोणी भरले एवढेच कायद्याने पाहिले तर ते अपुरे ठरेल. ती शस्त्रक्रिया गरजेची होती का, बाईला तिच्या भाषेत समजावले होते का, दुसऱ्या डॉक्टरचे मत मिळाले का, हेही कायद्याने पाहिले पाहिजे. अनावश्यक उपचारांपासून संरक्षण हादेखील आरोग्याच्या हक्काचा भाग आहे.

दिल्लीत विधेयकाचे काय होते?

समजा, राजकीय सहमती झाली. मग केंद्रीय आरोग्य मंत्रालय विधेयकाचा मसुदा तयार करते. २०१४ मध्ये ठरलेल्या पद्धतीनुसार मसुदा किमान तीस दिवस जनतेच्या सूचनांसाठी खुला ठेवणे अपेक्षित आहे. येथे सामान्य माणसाला, ग्रामसभेला, आशाताईंच्या संघटनेला थेट बोलता येते आणि बहुधा कोणी बोलत नाही, कारण मसुदा इंग्रजीत असतो आणि बातमी मुदत संपल्यावर येते. त्यानंतर विधी मंत्रालयाची तपासणी आणि मंत्रिमंडळाची मान्यता होऊन विधेयक लोकसभेत किंवा राज्यसभेत मांडले जाते. सभापती किंवा अध्यक्ष ते आरोग्यविषयक स्थायी समितीकडे पाठवू शकतात. या समितीत लोकसभेचे एकवीस आणि राज्यसभेचे दहा सदस्य असतात. ती साक्षी नोंदवते आणि दुरुस्त्या सुचवते. मग सभागृहात कलमवार चर्चा, दुरुस्त्यांवर मतदान आणि अखेरचे मतदान होते, आणि हाच क्रम दुसऱ्या सभागृहात पुन्हा होतो. दोन्ही सभागृहांत मतभेद झाल्यास संयुक्त बैठक बोलावता येते, परंतु असे आजवर केवळ तीनदा घडले आहे. राष्ट्रपतींच्या स्वाक्षरीने विधेयकाचा अधिनियम होतो.

आपल्या खासदाराने स्वतःच असे विधेयक मांडले तर? तसे करता येते, त्याला खासगी सदस्याचे विधेयक म्हणतात. परंतु असे शेवटचे विधेयक १९७० साली संमत झाले. शिवाय भारताच्या संचित निधीतून खर्च करावा लागणारे विधेयक राष्ट्रपतींच्या शिफारशीशिवाय संमत होऊ शकत नाही, आणि राष्ट्रपती मंत्रिमंडळाच्या सल्ल्याने वागतात. म्हणजे सरकारची इच्छा नसेल तर हे दार आतून बंद आहे. तरीही अशा विधेयकाला मी निरुपयोगी म्हणणार नाही. त्याने मसुदा लोकांसमोर येतो, मंत्र्यांना उत्तर द्यावे लागते आणि ते उत्तर संसदेच्या कामकाजात कायमचे नोंदले जाते. मराठवाड्याचे लोकसभेत आठ खासदार आहेत. त्यांतील एकाने तरी ही नोंद करून घ्यावी.

प्रयत्न झालेच नाहीत असे नाही. १९४३ साली नेमलेल्या भोर समितीने १९४६ च्या अहवालात म्हटले होते की पैसे देता येत नाहीत म्हणून कोणीही पुरेशा वैद्यकीय सेवेपासून वंचित राहू नये. २००९ साली राष्ट्रीय आरोग्य विधेयकाचा मसुदा तयार झाला, पण तो कायदा झाला नाही. डॉ. के. श्रीनाथ रेड्डी यांच्या अध्यक्षतेखालील तज्ज्ञगटाने २०११ मध्ये सर्वांसाठी आरोग्यसेवेचा आराखडा नियोजन आयोगाला दिला. त्यानंतरच्या राष्ट्रीय आरोग्य धोरणाच्या मसुद्यात आरोग्य हक्क कायद्याची कल्पना चर्चेला ठेवली होती, पण २०१७ च्या अंतिम धोरणाने ती बाजूला ठेवली आणि म्हटले की आधी यंत्रणा उभी राहिली पाहिजे, हक्काची भाषा त्यानंतर. या युक्तिवादात तथ्य आहे, आणि म्हणूनच त्याला गंभीर उत्तर दिले पाहिजे. ऑक्टोबर २०२३ च्या सुरुवातीला नांदेडच्या शासकीय रुग्णालयात चोवीस तासांत चोवीस रुग्ण दगावले, त्यांत बारा नवजात बाळे होती. मुंबई उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली. परिचारिका, डॉक्टर आणि औषधे पुरेशी नसतील तर हक्क कागदावर राहतो, हे या विभागाइतके कोणी जाणत नसेल. पण यंत्रणा आधी आणि हक्क नंतर, असे म्हणत सत्तर वर्षे गेली आणि यंत्रणा पुरेशी झाली नाही. रोजगार हमीचा अनुभव उलटा आहे: काम देणे बंधनकारक झाल्यामुळे तहसील कार्यालयाला कामांची यादी तयार ठेवावी लागली. माझ्या मते कायद्यानेच मुदती घालाव्यात, पहिल्या दोन वर्षांत तातडीचे उपचार आणि बाळंतपण, पाचव्या वर्षापर्यंत मधुमेह व रक्तदाबाची रोजची औषधे आणि तपासण्या, आणि त्या त्या मुदतीला रिक्त जागा भरण्याचे बंधन.

यासाठी पैसा किती? देशाच्या एकूण उत्पन्नाच्या अडीच टक्के सार्वजनिक खर्च २०२५ पर्यंत आरोग्यावर व्हावा, असे २०१७ च्या धोरणाने ठरवले होते; २०२१-२२ च्या राष्ट्रीय आरोग्य लेख्यानुसार तो १.८४ टक्के होता. त्याच वर्षी देशातील एकूण आरोग्यखर्चापैकी ३९.४ टक्के लोकांनी थेट आपल्या खिशातून केला. म्हणजे पैसा आजही खर्च होतोच आहे, फक्त तो आजारी माणूस ऐन आजारपणात, बैल विकून, सोने गहाण ठेवून, सावकाराकडून आणून करतो आहे. कायद्याने तोच खर्च आधी, सर्वांकडून, ऐपतीप्रमाणे गोळा करायचा आहे. विधेयकासोबत वित्तीय निवेदन जोडावे लागते. त्यात अडीच टक्के हे ध्येय म्हणून न लिहिता किमान मर्यादा म्हणून लिहिले गेले आणि वाटणी करताना मागे राहिलेल्या विभागांचा हिशेब स्वतंत्र दिला गेला, तर मराठवाड्याला त्याचा खरा उपयोग होईल. समन्यायी वाटपाची ही मागणी नवी नाही. घटनेच्या अनुच्छेद ३७१ मध्येच मराठवाड्याचे नाव घेऊन ती लिहिली आहे.

अधिनियमावर स्वाक्षरी झाली तरी तो त्या दिवशी लागू होतोच असे नाही. बहुतेक अधिनियमांत ‘केंद्र सरकार राजपत्रातील अधिसूचनेद्वारे ठरवील त्या दिनांकास’ असे वाक्य असते आणि त्या वाक्यात वर्षे जाऊ शकतात, म्हणून तारीख मजकुरातच घालून घेतली पाहिजे. मग नियम येतात. तक्रार कोणाकडे करायची, किती दिवसांत निकाल द्यायचा, निकाल न दिल्यास अधिकाऱ्याला दंड किती, हे सारे नियमांत ठरते. आमच्या रात्री साडेअकराच्या प्रसंगापुरते बोलायचे तर मला अधिनियमातील मोठ्या शब्दांपेक्षा याच बारीक अक्षरांची काळजी अधिक आहे: अनामत मागणाऱ्या काउंटरच्या मागे भिंतीवर मराठीत लावलेला एक फलक, त्यावर चोवीस तास उचलला जाणारा एक दूरध्वनी क्रमांक, आणि पलीकडून बोलणाऱ्या माणसाला त्याच क्षणी रुग्ण दाखल करून घेण्याचा आदेश देण्याचा कायदेशीर अधिकार.